सुटकेआधीचं आमंत्रण

आज दुपारी खालच्या मजल्यावर कुणीतरी पातळ पोहे भाजत होतं. जिन्यातून तो वास वर आला आणि दाराखालच्या फटीतून घरात शिरला. कोरडा, किंचित करपट, उन्हात तापलेल्या जुन्या कागदासारखा. मी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या या इमारतीत चिवडा बहुतेक दुकानातूनच येतो, त्यामुळे घरी पोहे भाजले जाणं हा तसा अपवादच. बहुतेकांना हा वास दिवाळीची आठवण करून देतो, आमच्या ख्रिस्ती घरांत तो नाताळचाही असतो. मला मात्र या वासाबरोबर पसरलेली सतरंजी दिसते, भिंतीशी काढून ठेवलेल्या चपलांची गर्दी दिसते, आणि कढईशी पदर खोचून उभी राहिलेली, अजून न टळलेल्या संकटाबद्दल देवाचे आभार मानायची तयारी करणारी माझी सासू दिसते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत त्यांच्याविषयी काही लिहावं असं पुष्कळदा वाटलं आणि दर वेळी लेखणी अडली. आज वासानंच हात धरून बसवलं म्हणून लिहिते आहे.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरातलं माणूस दुखण्यातून उठलं, कुणी अपघातातून वाचलं, बाळंतीण सुखरूप घरी आली, की मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, चार घरांना बोलावून उपकारस्तुती करायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, येतात, एकदोन गीतं होतात, पेटी असली तर पेटीवर, नसली तर टाळ्यांवर. ज्याच्यावर प्रसंग आलेला असतो तो उभा राहून साक्ष देतो. म्हणजे काय घडलं आणि देवानं कसं सोडवलं ते आपल्या शब्दांत सांगतो. मग प्रार्थना, मग चहा आणि चिवडा. यातला क्रम सगळीकडे एकच: आधी संकट, मग सुटका, मग आभार. माझ्या सासूबाई हा क्रम पाळत नसत. दुखणं ऐन भरात असताना, डॉक्टरांनी अजून काही शब्द दिलेला नसताना, त्या उपकारस्तुतीची आमंत्रणं देऊन मोकळ्या होत.

मी साताऱ्याची. वडील शाळेत मास्तर, घरात पुस्तकं पुष्कळ, आणि देवाशी बोलणंसुद्धा नीटनेटकं. आमच्या घरच्या प्रार्थनेत मागणं असायचं, पण ते आडून, जणू देवाला संकोच वाटू नये म्हणून त्याला नकाराची वाट आधीच मोकळी करून दिलेली. लग्न होऊन सांगलीला आले त्याच वर्षी माझ्या नणंदेचं बाळंतपण अडलं. आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगत होत्या, ''रविवारी दुपारी घरी या. उपकारस्तुती हाय.'' मला शरमल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, ''आई, अजून तर काहीच झालेलं नाही.''

''म्हणून तर आत्ता सांगायचं,'' त्या म्हणाल्या. ''झाल्यावर काय, कुणीबी सांगंल.''

नणंद सुटली, रविवार पार पडला, आणि त्यांच्या त्या बोलण्याकडे मी एक खेडवळ हट्ट म्हणून पाहत राहिले. त्याची मुळं कुठं आहेत हे पुष्कळ उशिरा कळलं. त्यांचं माहेर साताऱ्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पत्र्याचं एका खोलीचं देऊळ, म्हणजे चर्च, आणि स्वतःचा पाळक नाही. साताऱ्याहून एक वृद्ध पाळक महिन्यातून एकदा सायकलवर येत. त्यांच्या हातून उपकारस्तुती करून घ्यायची तर त्यांना एक महिना आधी सांगून ठेवावं लागे, आणि महिनाभर आधी तर माणूस तापानं फणफणत असे, बैल आजारी असे, नाहीतर मुंबईला गेलेल्या मुलाचा पत्ता नसे. तेव्हा माझ्या सासूबाईंची आई पाळकांची सायकल वेशीशी धरून सांगायची, ''फुडल्या खेपंला आमच्याकडं उपकारस्तुती हाय.'' पाळकसाहेब विचारायचे, ''कशाबद्दल, बाई?'' ती सांगायची, ''त्ये तुमी याल तवा कळंल.'' निव्वळ गैरसोयीतून पडलेली ही सवय. पण त्या घरातल्या मुलींनी आईच्या तोंडून ती ऐकली, आणि त्यांच्या लेखी विश्वासाची रीतच ती झाली. पुढे सासूबाई शहरात आल्या, चर्च हाकेच्या अंतरावर आलं, पाळकसाहेब रोज भेटू लागले; तरी आमंत्रण आधी देण्याचं त्यांनी सोडलं नाही.

माझे यजमान शाळेत गणित शिकवत. आईच्या या रीतीची त्यांना गंमत वाटे. ''निकाल लागायच्या आधीच पेढे वाटतेस तू,'' ते म्हणायचे. त्यावर, ''पेपर तपासणारा वळखीचा हाय,'' असं सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. पुढे यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून ठरलेल्या वारी डायलिसिस सुरू झालं तेव्हाही मायलेकांमधली ही थट्टा थांबली नाही. ज्यांनी या आजाराशी संसार केला आहे त्यांना सांगायला नको. घरातलं सगळं कॅलेंडर त्या वारांभोवती फिरू लागतं. पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद, फळांवर पहारा. एक वार चुकला की पावलं सुजतात, दुसरा चुकला की श्वास लागतो. तिसऱ्याचा विचार कुणी करत नाही.

आम्ही तेव्हा नदीजवळच्या भागात राहत होतो. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. शेजारी गादीवाले भाई आणि भाभी. त्यांचं गाद्या-ताडपत्र्यांचं दुकान घरातच. आमच्या जिन्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं ओढलेली एक रेघ होती. मागच्या मोठ्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. सांगलीत नदीकाठच्या बहुतेक जुन्या घरांत अशी एखादी रेघ असते, आणि त्या रेघेवर लोकांचा मोठा भरवसा असतो. कृष्णा फुगली, कोयनेतून पाणी सोडलं, आयर्विन पुलाजवळची पातळी वाढली, तरी माणसं शांतपणे सामान रेघेच्या वर उचलून ठेवतात आणि चहा घेत बसतात. त्या वर्षी भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरून गेली, घरं सोडा म्हणून सांगून गेली. भाई गल्लीत उभे राहून म्हणाले, ''मागल्या टायमाला आमच्या उंबऱ्यावर दोन बोटं पाणी नव्हतं चढलं. जातंय कुठं?'' यजमानांनी जिन्यातल्या रेघेकडे पाहून हिशेब केला आणि वरचा मजला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. सासूबाईंनीही मान डोलावली. धान्याचे डबे, औषधं, स्टोव्ह वर नेला, आणि एक पत्र्याचा मोठा डबा स्वतः उचलून नेला. त्यात पोहे होते. जाता जाता त्यांनी खिडकीतून भाभींना हाक मारली, ''भाभी, पानी उतरलं का उपकारस्तुती हाय आमच्याकडं. समद्यांनी यायचं.''

पाणी रेघेपाशी थांबलं नाही. दुसऱ्या सकाळी जिन्याकडे पाहिलं तर रेघ दिसतच नव्हती; गढूळ, साखरेच्या मळीसारखं दाट पाणी संथपणे पायऱ्या चढत होतं. रस्ता नाहीसा झाला होता. विजेचे खांब अर्धे बुडाले होते आणि कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची आमच्या दारावरून फिरत फिरत पुढे गेली. वरचा मजला सोडून आम्ही गच्चीवर आलो. मधली भिंत ओलांडून भाई-भाभी आमच्या गच्चीवर आले, पाठीमागच्या बैठ्या घरांतली काही माणसंही आली. भाईंनी येताना ताडपत्री आणली होती, ती पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ताणून बांधली. तिच्याखाली आम्ही सगळे. यजमानांचा एक वार त्या दिवशी बुडाला.

चहूकडे पाणी असताना त्यांना घोटभरच पाणी द्यायचं, हे फार विचित्र होतं. पावलं सुजून त्यांच्या चपला चढेनात. दुसऱ्या दिवशी बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागू लागला, तरी ते पाण्याचा वेग किती असेल याचा अंदाज बांधत होते. मी पुस्तकांत वाढलेली बाई. भीती वाटली की माझं मन शब्द शोधतं. त्या दिवशी एकही शब्द सापडला नाही. दुरून एक बोट गेली, आम्ही ओरडलो, तिच्यात माणसं खच्चून भरलेली होती. परत येतो अशी खूण करून ती वळली आणि दिसेनाशी झाली. गच्चीवर कुणी कुणाशी बोलेना. लोक भुकेले होते, पण भुकेचं नाव कुणी घेत नव्हतं.

सासूबाई उठल्या, पत्र्याचा डबा ओढून पुढे घेतला आणि झाकण उघडलं.

''आवं मावशी, ते तर तुमच्या कार्यक्रमाचं हाय ना?'' भाई म्हणाले.

''व्हय. कार्यक्रम आत्ता करूया. समदी हाईतच.''

''पानी अजून चढतंय. उपकार कशाचं मानताय?''

''बघूया की काय काय हाय ते. बसा तुमी.''

त्यांनी स्टोव्ह पेटवला, शेंगदाणे तळले, पोहे परतले, आणि मीठ घालण्याआधी एक वाटी बाजूला काढून मुलासमोर ठेवली. मग सगळ्यांना गोलात बसवलं, अगदी घरी बसवावं तसं. गीत त्यांनी एकटीनंच म्हटलं. आवाज त्यांचा जाडाभरडा, सुराशी फारसं सख्य नसलेला. मग डोळे मिटले. मी पुष्कळ विद्वान पाळकांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत, पण गच्चीवरची ती प्रार्थना अजून जशीच्या तशी कानांत आहे. ''देवबापा, आमी हितं हाय. तुला दिसतंयच. पोराचा वार काल चुकला, त्येबी तुला ठावं हाय. त्येला सोडव. आता उपकार मानते. गच्ची पक्की हाय, तुझं उपकार. भाईची ताडपत्री गळत न्हाई, तुझं उपकार. रॉकेल सरलं न्हाई, तुझं उपकार. भाभीचा गुडघा दुखत हुता तरी ती भिंत चढून आली, तुझं उपकार. पोराचा श्वास चाललाय...'' ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. ''चाललाय. तुझं उपकार. येशूच्या नावानं मागते.''

''आमीन,'' भाई म्हणाले. तो शब्द त्यांच्याही घरातला होता, म्हणून तो सहज आला असेल. त्यांच्यामागून गच्चीवरच्या सगळ्यांनीच तो म्हटला. मग माणसं खाऊ लागली, आणि खाता खाता बोलू लागली. कुणीतरी भाईंना विचारलं, दोन बोटं पाणी चढणार नाही म्हणालात ती बोटं कुणाची होती? भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. काहीच बदललं नव्हतं. पाणी तितकंच होतं, यजमानांची पावलं तशीच सुजलेली होती. पण मघाशी जी सुटी सुटी, आपापल्या भीतीत बसलेली माणसं होती, ती आता एकत्र बसली होती, आणि आता काय करायचं याचा विचार करू लागली होती. भाईंनी एक लाल गादीचं कापड फाडून काठीला बांधलं आणि टाकीवर चढून उभं केलं. आजारी माणूस आहे, असं सगळ्यांनी मिळून आलटून पालटून ओरडायचं ठरलं.

ते ओरडणं कुणी ऐकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गल्लीच्या तोंडाशी एक काळं, चपटं, थाळ्यासारखं काहीतरी तरंगत येताना दिसलं. जवळ आल्यावर ओळखू आलं. ती काहील होती, गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी कढई. काठाला धरून दोघे तरणे गडी पोहत होते, तिसरा आत बसून बांबूनं दिशा देत होता. पुरात बोटी कमी पडल्या की आमच्याकडे गावोगावच्या काहिली अशा पाण्यात उतरतात, हे मी ऐकून होते. पाहिलं तेव्हा पहिल्यांदा.

''आजारी मानूस कोन हाय? त्याला आदी द्या,'' आतला गडी ओरडला.

भाई म्हणाले, ''मावशी, तुमच्या देवाकडनं आली बघा बोट. गुळाची.''

''बोट म्या कवा मागितली? सोडव म्हनलं हुतं,'' सासूबाई म्हणाल्या. ''कशातनं सोडवायचं, त्ये त्येचं त्यो बघंल. धरा त्याला, खाली द्या.''

वरच्या मजल्याच्या खिडकीतून यजमानांना काहिलीत उतरवलं. श्वास लागलेला असूनही ते पुटपुटले, ''आई, माझी आता ढेप होणार.'' काठ धरलेला गडी हसला. ''मास्तर, गप पडून ऱ्हावा. पान्यात कायतरी वळवळलं तर भिऊ नका. आमी शिराळ्याचं हाय, नागांच्या गावचं, आमची वळख हाय त्येंच्याशी.''

आत आणखी एकाचीच जागा होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी औषधांची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. ''तू जा. त्येच्या गोळ्यांचं तुला कळतंय. मी भाभीसंगं येते मागनं.'' त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला. पण हात लगेच काढून घेतला आणि काहिलीचा काठ पुढे ढकलला. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, त्या कठड्याशी उभ्या राहून आमच्याकडे पाहत असतील. त्या आमच्याकडे पाठ करून भाभींबरोबर भिजलेली सतरंजी पिळत होत्या.

विश्रामबागेच्या बाजूला रस्ता कोरडा होता. तिथून जीप मिळाली, दवाखाना मिळाला, आणि दुपारपर्यंत यजमान यंत्राला लावलेले होते. सासूबाई, भाई, भाभी आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी जवानांच्या बोटीतून बाहेर आले. पाणी ओसरल्यावर चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सासूबाईंना साक्ष द्यायला उभं केलं. सगळ्यांना काहिलीची गोष्ट ऐकायची होती. त्या मात्र रेघेविषयी बोलल्या. ''आमी त्या निळ्या रेघंवर इस्वास ठेवला. भोंगा वरडून सांगत हुता, तरी रेघ बघून बसलो. मीबी बसले. रेघ गेल्या पुराची, पानी ह्या पुराचं. रेघंला काय ठावं?'' आणि त्या खाली बसल्या. पुढे गल्लीत सगळ्यांनी नवी रेघ ओढून घेतली, आधीच्यापेक्षा बरीच वर. आमच्या भिंतीपाशी रंगाचा डबा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी परत पाठवलं. आम्हीही पुढे ते घर सोडून विश्रामबागेत आलो.

इथं ही आठवण थांबवली असती तर किती बरं झालं असतं. विश्वास ठेवला, सुटका झाली, आभार मानले. पण माझ्या सासूबाईंचं मोठेपण मला ज्या दिवशी कळलं तो दिवस पुराचा नव्हता.

पुरानंतर काही वर्षांनी यजमानांना रक्तात संसर्ग झाला. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं, आणि सासूबाईंनी नेहमीप्रमाणे येत्या रविवारची आमंत्रणं दिली. पाळकसाहेबांना सांगितलं, भाई-भाभींना फोन केला, इमारतीतल्या दोन घरांनाही सांगितलं. त्या वेळी मीही मनातून पोहे आणायच्या दुकानापर्यंत जाऊन आले होते. गुरुवारी पहाटे ते गेले.

शनिवारी पाळकसाहेब आले. सासूबाईंसमोर बसून, शब्द जपून वापरत म्हणाले, ''आजी, उद्या लोक येतीलच. आपण सांत्वनाची सभा घेऊ. उपकारस्तुती नंतर कधीतरी, पुढे...''

''न्हाई,'' त्या म्हणाल्या. ''आमंत्रण उपकारस्तुतीचं दिलंय.''

मला त्यांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. वाटलं, हा हट्ट आता तरी सोडावा. माझा नवरा गेला आहे, यांचा मुलगा गेला आहे, आणि यांना दिलेला शब्द पाळायचा आहे. रविवारी माणसं आली. कुणी हार आणले होते, कुणी नुसतेच आले होते, आणि कोणत्या चेहऱ्यानं बसावं हे कुणालाच कळत नव्हतं. गीत झालं. सासूबाई भिंतीला हात टेकवून उभ्या राहिल्या. समोर बसलेल्या भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता सासूबाई कोसळणार, आणि खरं सांगायचं तर माझ्यातल्या एका कोपऱ्याला ते हवंही होतं. निदान आम्ही दोघी एका ठिकाणी रडलो असतो.

''गच्चीवर मी त्याला मागितलं हुतं,'' त्या म्हणाल्या. ''मागितलं येका दिसासाठी. देवबापानं वर्सं दिली. त्यातला येकबी दीस माझ्या हक्काचा न्हवता. त्येचं उपकार मानते.'' भिंतीवरचा हात त्यांनी काढून घेतला. ''ह्या खेपंलाबी मागितलं. दिलं न्हाई. का दिलं न्हाई ते मला कळलं न्हाई. कुनी मला समजावूनबी सांगू नका. त्येच्याकडं गेले का मीच इचारनार हाय. लय इचारायचं हाय मला. पर माझा पोर येकटा गेला, असं मी म्हननार न्हाई. पुराच्या पान्यात जो संगं हुता, त्यो दवाखान्यातबी हुता. येवढंच.''

त्या बसल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. भाभी उठून आत गेल्या आणि चहा टाकला. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडल्या, मोठ्यानं, पोटातून, आणि मी त्यांच्याजवळ बसले. माझा राग कुठं गेला ते मला समजलं नाही. एवढं मात्र कळलं, की इतकी वर्षं मी ज्याला हट्ट म्हणत आले ते काही देवाला शब्दात पकडून ठेवणं नव्हतं. संकटाचा शेवट काय व्हावा हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, त्या तोंड उघडून मागतही होत्या. पण ज्याच्याकडे मागायचं त्याच्याशी नातं तोडायचं कारण म्हणून त्यांनी तो शेवट कधी वापरला नाही. माझ्या वडिलांच्या आडून केलेल्या प्रार्थनांमध्ये विनय होता. त्यात थोडी भीतीही होती, की नकार आला तर आपण कुठं उभं राहायचं. या बाईनं नकार अंगावर घेतला, त्याला नकारच म्हटलं, आणि तरी तिथंच उभी राहिली.

गेल्या हिवाळ्यात त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. मी वाट पाहत होते. दिवस जात होते आणि त्या कुणालाच आमंत्रण देत नव्हत्या. डॉक्टर येऊन जात, भाभी येऊन पाय चेपून जात, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून जात; रविवारचं नाव नाही. शेवटी न राहवून मीच विचारलं, ''आई, या वेळी उपकारस्तुतीचं कुणाला सांगितलं नाहीत?''

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चक्क कौतुक होतं, उशिरा का होईना पण पोरीनं बरोबर प्रश्न विचारला असं.

''माझ्यासाठी कशाला गं?'' त्या म्हणाल्या. ''मी कुटं अडकलेय?''

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी, चहा होण्याच्या आत त्या गेल्या.

अडकलेली मी आहे. हे लिहायला मला एवढे महिने लागले. दोन माणसांच्या सवयी असलेल्या घरात मी एकटी आहे; संध्याकाळी दिवा लावायला उठायचं तर कुणासाठी, हे कळत नाही; पुस्तकं वाचते आणि पानं उलटून झाल्यावर काय वाचलं ते आठवत नाही. हे पाणी कुठवर चढणार, ओसरणार की नाही, याचा मला अंदाज नाही, आणि मी कुठली रेघही ओढलेली नाही. मागणं मात्र मी आता आडून करत नाही. सोडव, एवढंच सरळ म्हणते.

काल उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर मी पाळकसाहेबांना थांबवलं आणि पुढच्या रविवारी घरी यायला सांगितलं. भाभींना फोन केला. खालच्या मजल्यावरच्या त्या पोहे भाजणाऱ्या बाईंची आणि माझी अजून नीट ओळख नाही, पण आज दुपारी उठून त्यांच्याही दारात जाऊन आले. त्यांनी साहजिकच विचारलं, ''काय आहे रविवारी?''

मी म्हटलं, ''उपकारस्तुती. कशाबद्दल, ते मलाही अजून ठाऊक नाही. पण तुम्ही या.''